डिपस्टिक, जुनं बनियन आणि एक वही: नव्या गाडीचं इंजिन ऑइल कसं पाहायचं

दसऱ्याला नवी गाडी घरी आली आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या ऑइलने मला पाच दिवसांत तीन पातळ्या दाखवल्या. सोमवारी वरच्या खुणेला टेकलेली, बुधवारी मध्यावर, शुक्रवारी पुन्हा वर. गाडीखाली डाग नाही, धूर नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. मग घोळ कुठे? आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातली आमची इमारत जुनी. खालच्या फरशीला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला. भिंतीकडच्या जागेत गाडीचं नाक खाली जातं, गेटजवळ लावली की वर. ज्या दिवशी जी जागा मिळेल तिथे गाडी, आणि जिथे गाडी तिथेच माझी तपासणी.

आमच्या जुन्या गाडीला वीस वर्षं सांभाळणाऱ्या मेकॅनिक भाऊंना फोन केला, तर ते हसलेच. "ताई, तेल तर पातळच राहते नं, उताराकडे जाईनच. आधी गाडी सपाट जागेवर लावा, मग मले सांगा."

त्या फोननंतर मी एक वही घातली. आता तिच्यात सव्वा वर्षाच्या नोंदी आहेत. खाली जे लिहिते आहे ते त्या वहीतून, गाडीच्या मॅन्युअलमधून आणि भाऊंच्या बोलण्यातून आलेलं आहे. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी इंजिनातली काठी, एकदा काढून पाहिलेल्या पातळीवरून फारसं काही कळत नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने, पुन्हा पुन्हा पाहून लिहून ठेवलं की कळायला लागतं.

नवी आहे, मग पाहायचं कशाला?

"नवी गाडी आहे बाप्पा, बॉनेट काहून उघडून राहिली?" हा शेजारच्या काकाजींचा प्रश्न. शोरूममधून ऑइल भरूनच येतं, आणि पहिल्या सर्व्हिसला ते लोक पाहतीलच, असं त्यांचं म्हणणं. पटण्यासारखं वाटतं, पण हिशेब करून पाहा.

आपल्याकडे बहुतेक गाड्यांची पहिली मोफत सर्व्हिस हजार किलोमीटर किंवा एक महिन्याला असते. त्यात बहुधा नुसती तपासणी होते. ऑइल बदलायचं ते बऱ्याच गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष झाल्यावर. मधल्या काळात आपण उघडलं नाही तर बॉनेट महिनोन् महिने कुणीच उघडत नाही.

आता दुसरी बाजू. प्रत्येक इंजिन थोडं ऑइल जाळतंच. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर ठेवतात, त्यातलं थोडं ज्वलनात जातं. नव्या इंजिनात त्या रिंगा भिंतीशी अजून नीट बसलेल्या नसतात. कारखान्यात भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांची टोकं झिजून रिंग आणि भिंत एकमेकींना चपखल बसेपर्यंत ऑइल जरा जास्त लागतं. म्हणजे ज्या काळात लोक सगळ्यात निर्धास्त असतात, त्याच काळात काठी जास्त वेळा काढायला हवी.

आणि आता तो आकडा, ज्याने मी हादरले. किती ऑइल जळणं चालण्यासारखं आहे, हे काही कंपन्या मॅन्युअलमध्येच लिहितात. कुठे हजार किलोमीटरला अर्धा लिटर, कुठे एक लिटरपर्यंत. म्हणजे एवढं ऑइल गेलं तरी कंपनीच्या लेखी गाडी ठणठणीत. पण छोट्या पेट्रोल गाडीत एकूण ऑइलच साडेतीन लिटरच्या आसपास असतं. हजाराला अर्धा लिटर या दराने दहा हजार किलोमीटरला पाच लिटर होतात. इंजिनात आहे त्याहून जास्त! मधे कुणी भरलंच नाही, तर 'मर्यादेत' वागणारी निर्दोष गाडीसुद्धा सर्व्हिसच्या तारखेआधी कोरडी पडू शकते. बहुतेक इंजिनं इतकं पीत नाहीत हे खरं. पण आपलं इंजिन कोणत्या गटातलं, हे पाहिल्याशिवाय कळणार कसं?

लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका

डॅशबोर्डवर थेंब गळणाऱ्या झारीसारखं एक लाल चित्र असतं. पुष्कळांचा समज असा की ऑइल कमी झालं की तो दिवा लागेल, मग भरू. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. पंप ऑइल खेचून बेअरिंगांपर्यंत दाबाने पोचवतो. तो दाब पडला की दिवा लागतो. ऑइल कमी झाल्यामुळे दाब पडायची वेळ येते तेव्हा पातळी खालच्या खुणेच्याही पुष्कळ खाली गेलेली असते, आणि धातूवर धातू घासायला सुरुवात झालेली असू शकते.

म्हणून चालत्या गाडीत तो लाल दिवा लागला तर "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" असं म्हणायचं नाही. सुरक्षित जागी बाजूला घ्यायचं, इंजिन लगेच बंद करायचं, काठी पाहायची. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल तर गाडी टो करूनच न्यायची.

काही गाड्यांत पिवळा दिवा वेगळा असतो, झारीखाली लाट काढलेला. तो पातळीचा. आपल्या गाडीत तो आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. स्क्रीनवर 'ऑइल लाइफ' म्हणून टक्के दिसतात त्या आकड्याचाही पातळीशी संबंध नाही. ऑइल किती वापरलं गेलं याचा तो अंदाज असतो. ८० टक्के दाखवत असताना काठी कोरडी निघू शकते.

जागा आणि वेळ

आधी सपाट जागा शोधा. मी पोराचा एक कंचा, म्हणजे गोटी, घेऊन पार्किंगभर फिरले. फरशीवर ठेवला आणि घरंगळला, की ती जागा बाद. शेवटी लिफ्टच्या बाजूला एक जागा सापडली, तिथे चारही चाकांच्या खुणा खडूने केल्या. वॉचमनला वाटलं मॅडमची रांगोळी आहे. मोबाइलमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपनेही काम होतं, पण कंचा जास्त प्रामाणिक. पेट्रोल पंपावरची फरशी सपाट दिसते, तिलाही बहुतेक वेळा उतार असतो. सेमिनरी हिल्सला फिरायला गेल्यावर तिथल्या रस्त्यावर काठी काढायचा तर विचारही करू नका.

वेळेबद्दल मॅन्युअल काय म्हणतं ते वाचा, कारण यात सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. काही सांगतात, गाडी चालवून इंजिन गरम झाल्यावर बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग पाहा. काही म्हणतात, थंड इंजिनावर पाहा. थांबायचं कारण साधं आहे. इंजिन चालू असताना ऑइल वरच्या भागात पसरलेलं असतं, ते खालच्या तसराळ्यात, म्हणजे संपमध्ये, उतरायला वेळ लागतो. बंद केल्या केल्या काठी काढली तर पातळी खोटीच कमी दिसते आणि आपण विनाकारण भरतो.

गरम आणि थंडच्या नोंदी एकमेकींत मिसळू नका. तापलं की ऑइल फुगतं, १०० अंशांच्या फरकाला साधारण सात टक्के. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे ऑइल १० अंशांवर असेल आणि चालवून ते ९० वर गेलं, तर साडेतीन लिटर ऑइल जवळपास २०० मिलीने फुगतं. काठीवर हा फरक चांगला दिसतो. मी रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पाहते, कारण माझ्या मॅन्युअलला ते चालतं आणि रविवारी तर्री पोहे आणायला गाडी निघायच्या आधी माझ्याकडे वेळ असतो.

काठी काढण्याची रीत

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, इंजिन बंद. बटनवाली गाडी असेल तर नुसतं शांत आहे यावर जाऊ नका, ती पूर्ण बंद केलेली पाहिजे. हायब्रिड गाडीचं इंजिन तर सिग्नल दिल्याशिवाय आपोआप सुरू होऊ शकतं. किल्ली खिशात नको, घरात ठेवा. ओढणी, साडीचा पदर, बांगड्या आवरून घ्या. गरम इंजिनावर पाहत असाल तर रेडिएटरचा पंखा बंद गाडीतही अचानक फिरू शकतो, आणि रेडिएटरच्या झाकणाला तर हातच लावायचा नाही.

बॉनेटचा खटका ड्रायव्हरच्या पायाजवळ असतो. तो ओढला की बॉनेट बोटभर उचललं जातं, मग समोरून बोटं घालून आतली कडी सरकवायची. टेकूची सळई तिच्या भोकात नीट बसली का पाहा. पहिल्यांदा मी ती भलत्याच जागी टेकवली होती, डोक्यावर बॉनेट यायचंच राहिलं.

डिपस्टिकची मूठ बहुतेक पिवळी किंवा केशरी असते. काही ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑइलचीही वेगळी काठी असते, तेव्हा मुठीवरचं झारीचं चिन्ह पाहून खात्री करा.

पहिल्यांदा काठी बाहेर काढाल तेव्हा जे दिसेल ते वाचू नका. गाडी चालताना ऑइल उडून नळीभर लागलेलं असतं. काठी पूर्ण पुसा. पुसायला जुनं सुती बनियन उत्तम, अट एकच की धागे सुटणारं नको. काठीला चिकटलेला धागा परत इंजिनात जातो. पुसली की काठी शेवटपर्यंत आत घाला, मूठ टेकेपर्यंत. दोन-तीन सेकंद थांबा, सरळ बाहेर काढा, आणि टोक खाली ठेवूनच वाचा. टोक वर केलं की ऑइल ओघळून वर सरकतं आणि पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

दोन्ही बाजू पाहा. नळीच्या वळणाला घासून एका बाजूला ऑइल जास्त वर लागतं. दोन्हीत जी कमी, ती खरी. दोन्हींत फारच फरक असेल तर पुसून पुन्हा.

नव्या गाडीत इथे एक अडचण येते, जी जुन्या गाडीवाल्यांना ठाऊकच नसते. नवं ऑइल मधासारखं, जवळजवळ पारदर्शक असतं. चकचकीत काठीवर ते दिसतच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, इंजिनात ऑइलच नाही! काठी उजेडात तिरपी धरा, कोरडा भाग आणि ओला भाग यांतली चमक वेगळी असते. तरी दिसत नसेल तर काठीचं टोक पांढऱ्या टिश्यूवर आडवं टेकवा, ओलसर डाग जिथे संपतो ती पातळी. डिझेल गाडीत हा त्रास फार दिवस राहत नाही. काजळीमुळे ऑइल काही शे किलोमीटरांतच काळं होतं, आणि ते काळं होणं म्हणजे खराब होणं नव्हे.

खुणा गाडीगणिक वेगळ्या असतात: दोन भोकं, दोन खाचा, मधे जाळीदार पट्टा, किंवा 'एल' आणि 'एफ' अशी अक्षरं. वरची कमाल, खालची किमान. पुष्कळ गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर सुमारे एक लिटरचं असतं, काहींत कमी. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये शोधा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो. पातळी दोन खुणांच्या मधे कुठेही असली तरी चालते. कायम वरच्या खुणेलाच टेकलेली हवी असा हट्ट धरू नका.

काही महागड्या गाड्यांना काठीच नसते. सेन्सर आणि स्क्रीनवरचा मेनू, बस. तिथेही सपाट जागा आणि मॅन्युअलने सांगितलेली इंजिनची स्थिती या अटी तशाच राहतात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हा लेख इथेच सोडला तरी हरकत नाही.

वहीत काय लिहायचं

तारीख, किलोमीटर, थंड की गरम, पातळी, आणि भरलं असेल तर किती मिली. एवढंच. पातळी मी चतुर्थांशांत लिहिते: भरलेली, पाऊण, अर्धी, पाव. सोबत काठीचा मोबाइलवर फोटो. माझ्या गाडीत दोन खुणांमधे एक लिटर मावतं, त्यामुळे पाव म्हणजे २५० मिली.

पहिली नोंद डिलिव्हरीच्याच दिवशीची हवी. हारतुरे, पेढे आणि फोटोंच्या गडबडीत शोरूमवाल्याला "जरा बॉनेट उघडा" म्हणायला संकोच वाटतो, पण म्हणा. माझी त्या दिवशीची नोंद (वहीत नंतर उतरवलेली): १८ किलोमीटर, भरलेली. पुढे ३१० ला वरच्या खुणेच्या किंचित खाली, ६४० ला त्याहून थोडी खाली, १,०२० ला पाऊण. म्हणजे पहिल्या हजारात साधारण पाव लिटर गेलं. दोन हजारांवर पातळी पाऊणच्या जरा खाली होती, म्हणजे दुसऱ्या हजारात १०० मिलीच्या आसपास. तीन हजारांवर तिथेच. खर्च कमी कमी होत गेला, रिंगा बसल्या.

हेच उलटं दिसलं असतं, म्हणजे पहिल्या हजारापेक्षा दुसऱ्यात जास्त आणि तिसऱ्यात आणखी जास्त, तर मी सर्व्हिस सेंटर गाठलं असतं. तिथे नुसतं "ऑइल पिते" म्हटलं तर "नव्या गाडीत होतं मॅडम" हे उत्तर ठरलेलं असतं. वही आणि फोटो समोर ठेवले की बोलणं बदलतं. ऑइलच्या खपाची रीतसर चाचणी मागा: ते पातळी बरोबर करून नोंदवतात, ठरावीक किलोमीटर गाडी चालवायला सांगतात आणि पुन्हा मोजतात. जॉब कार्डवर ही तक्रार लिहून घ्यायला विसरू नका. वॉरंटीत तोंडी बोलण्याला किंमत नाही.

किती वेळा पाहायचं? पहिल्या हजारात दर रविवारी किंवा दर ३०० किलोमीटरला. नंतर महिन्यातून एकदा किंवा हजार किलोमीटरला. आणि लांबच्या प्रवासाआधी नेहमी.

समृद्धी, नवतपा आणि फुकटचे सल्ले

नवी गाडी आली की नागपूरकराला पहिली हौस समृद्धीवर न्यायची. ७०१ किलोमीटरचा रस्ता शिवमडक्यापासून सुरू होतो, कारला ताशी १२० ची परवानगी. पण बहुतेक मॅन्युअल पहिल्या हजार किलोमीटरांत नेमकं हेच टाळायला सांगतात: तासन् तास एकच वेग आणि चढे आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे. रिंगा नीट बसायला वेग कमी-जास्त होत राहिलेला बरा. त्यापेक्षा रामटेकला जा, पन्नासेक किलोमीटर आहे, वाटेत गावं लागतात, गाडी कधी तिसऱ्या तर कधी पाचव्या गिअरमध्ये येते, आणि गडावरून दिसतंही छान. समृद्धीला हजार झाल्यावर. जास्त आरपीएमवर ऑइलचा खर्च वाढतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी काठी पाहा आणि पोचल्याच्या दुसऱ्या सकाळीही. मी अर्ध्याच्या खाली पातळी असताना त्या रस्त्याला लागत नाही.

उन्हाळ्याचं, त्यातही नवतप्याच्या म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांचं, वेगळं. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि ४५ तर नेहमीचं. मग कुणीतरी सांगतंच, "नागपूरच्या उन्हात ते पातळ ऑइल टिकत नाही, जाड टाक." ऐकू नका. चालत्या इंजिनात ऑइल बाहेरच्या मे महिन्यापेक्षा कितीतरी तापलेलं असतं, शंभर अंशांच्या आसपास, आणि ते नागपुरातही जवळपास तेवढंच असतं नि महाबळेश्वरलाही. ऑइलच्या डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० या ग्रेडमधला ३० हा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणावरून ठरतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत ते किती सहज वाहतं त्याचा आकडा. बऱ्याच नव्या इंजिनांतल्या फटी आणि पंप ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ऑइलसाठीच आखलेले असतात. मॅन्युअलमध्ये हवामानानुसार तक्ता दिला असेल तर त्यातलाच पर्याय घ्या, शेजाऱ्याच्या अनुभवातला नको.

मे महिन्यात गाडीखाली ओलं दिसलं की घाबरून फोन करणारे पुष्कळ. बहुतेक वेळा ते एसीचं पाणी असतं, स्वच्छ आणि बिनवासाचं. खात्री करायची तर रात्री इंजिनखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी तपकिरी किंवा काळा चिकट डाग दिसला तर ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा केशरी रंग आणि गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव.

पातळी वाढली तर?

कमी होण्याची भीती सगळ्यांना असते. वाढलेली दिसली की लोक खूश होतात. मला वाढण्याची जास्त काळजी वाटते, कारण न भरता ऑइल वाढत नाही. काहीतरी दुसरं त्यात मिसळतंय.

आमच्या मैत्रिणीची गाडी रोज धरमपेठेत घर ते शाळा, दोन किलोमीटर. इंजिन तापायच्या आतच बंद. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल जातं, न जळलेलं थोडं रिंगांच्या बाजूने झिरपून ऑइलमध्ये उतरतं. लांब चालवलं की ते उडून जातं, पण तिची गाडी कधी लांब जातच नव्हती. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनांत हे जास्त. काठी नाकाशी धरा, पेट्रोलचा वास स्पष्ट येतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग बाहेर काढा. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आलात तरी पुरे.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या मर्यादेचे नियम) डिझेल गाड्यांत दुसरं कारण असतं. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला साफ करतो तेव्हा जास्तीचं डिझेल सोडलं जातं. ही सफाई चालू असताना गाडी वारंवार बंद केली की त्यातलं डिझेल ऑइलमध्ये येतं. पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल तर चालवत राहू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना वाचवत नाही.

तिसरी शक्यता पाण्याची. काठीवर दुधाळ, चहात साय मिसळल्यासारखं ऑइल दिसलं तर कूलंट आत जात असू शकतं. गाडी सुरूच करू नका. फक्त भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल, काठीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि डिसेंबर-जानेवारीत छोट्या फेऱ्या होत असतील, तर ते बहुधा दवाचं पाणी. लांब फेरीनंतर जातं.

भरायचं झालंच तर

डब्यावरचे आकडे मॅन्युअलशी जुळवा: ग्रेड, त्यासोबत एपीआय किंवा एसीईए या संस्थांचा दर्जा, आणि काही कंपन्यांचा स्वतःचा मंजुरी क्रमांक. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राखेचंच ऑइल लागतं, नाहीतर ती राख फिल्टरमध्ये साचत जाते. अधिकृत विक्रेत्याकडून एक लिटरचा सीलबंद डबा घ्या, डब्यावर कोड असेल तर तो तपासा. बिल वहीतच चिकटवा.

भरायचं झाकण इंजिनच्या वर असतं, त्यावर झारीचं चिन्ह किंवा ग्रेड छापलेली असते. वॉशरचं, ब्रेकचं, कूलंटचं झाकण वेगळं. घाईत चुकणारे आहेत, म्हणून दोनदा वाचा. नरसाळं स्वच्छ आणि कोरडं. एका वेळी २०० मिलीच ओता, पाच-दहा मिनिटं थांबा, काठी पुसून पाहा, लागलं तर पुन्हा. पाऊणच्या जरा वर आलं की थांबा. नंतर झाकण घट्ट, काठी जागेवर, बनियन इंजिनवर राहिलं नाही ना ते बघा.

जास्त भरलं म्हणजे गाडीचे लाड झाले असं नाही. पातळी फार वाढली की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, ऑइलला फटके मारून फेस काढतो, पंप फेस खेचतो, दाब डळमळतो. काही ऑइल हवेच्या वाटेने ज्वलनात जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. मला हा अनुभव वर्षाच्या सर्व्हिसनंतर आला. ऑइल बदलून गाडी घरी आली, दुसऱ्या सकाळी खडूच्या जागेवर लावून पाहिलं तर पातळी वरच्या खुणेच्याही बोटभर वर. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, "जास्तच टाकलंय मॅडम, कमी तर नाही." फोटो दाखवला, मॅन्युअलचं पान दाखवलं, तेव्हा त्यांनी पाऊण लिटर काढलं. तेव्हापासून सर्व्हिसनंतरची पहिली सकाळ वहीत लाल शाईने लिहिली जाते.

काढलेलं किंवा सांडलेलं जुनं ऑइल नालीत ओतू नका. बाटलीत भरून सर्व्हिस सेंटरला द्या, ते गोळा करतात. आणि रिकामा डबा तसाच भंगारात गेला तर त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा दुकानात येऊ शकतो. मी लेबल फाडते, स्क्रूड्रायव्हरने बुडाला भोक पाडते आणि मगच देते. आमचा भंगारवाला दर वेळी कुरकुरतो आणि भोकाच्या डब्याचा एक रुपया कमी धरतो.